लोटू मिस्त्रीचे बारा खांब

लाकडाच्या बाबतीत लोटू मिस्त्रीचा शब्द फोपनार गावात कोणी खाली पडू देत नाही. बाकी कुठल्याही बाबतीत त्याचं कोणी मनावर घेत नाही, आणि त्याला तोच जबाबदार आहे. गोठा बांधायला बोलावलं की हा आधी जागेला नावं ठेवणार, मग मालकाच्या अकलेला, आणि चहा आला की चहाला. वय सदुसष्ट. अंगात कायम एकच खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, खांद्यावर वाकस. तासायच्या या हत्याराशिवाय मी त्याला फक्त लग्नांतून पाहिलंय. आमच्या भागातले निम्मे गोठे, खळ्यातल्या शेडी, केळी भरायचे मांडव त्याने उभे केलेत. आता सगळीकडे लोखंडी पाइप आले, तरी ज्यांच्या शेडी वावधनात, म्हणजे वादळवाऱ्यात, उडाल्या ते गुपचूप लोटूच्या दारात येतात. त्यांतलाच मी एक.

मी सुधाकर. बुऱ्हाणपूरच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर वडिलांची फोपनारची केळी माझ्या गळ्यात आली. मागच्या वर्षी जूनमध्ये वादळाने माझी पाइपांची शेड उचलून शेजाऱ्याच्या कापसात नेऊन टाकली. नशीब त्या वेळी खाली कोणी नव्हतं. एरवी तिथे आठ-नऊ बाया बसून केळीच्या फण्या धुतात, खोक्यांत भरतात. म्हणून ठरवलं, या खेपेला सागवानाचे खांब, आणि तेही लोटूच्या हातचे.

लोटू खांब कसे निवडायचा ते एकदा बघण्यासारखं होतं. बुऱ्हाणपूरला भिकनची आरामशीन आहे. तिथे सागाचे ओंडके नुसते चौरस कापून ठेवलेले असतात, रंधा न मारलेले, कुठे कोपऱ्याला साल तशीच. तुम्हाआम्हाला सगळे सारखे दिसतात. लोटू आधी कोपरे बघायचा. कोपऱ्याला पांढरं लाकूड जास्त असलं की बाजूला, कारण उधई, म्हणजे वाळवी, पहिला घास तिथला घेते. मग चीर. सरळ चीर चालेल, पण पीळ घेत गेलेली चालायची नाही. असा खांब पुढे वर्षभर फिरत राहतो आणि वरची छपराची कैची ओढून सोडतो. मग गाठी. गाठीवर अंगठ्याचं नख दाबायचं, हललं तर नापास. हे सगळं झालं की शेवटची परीक्षा. खांबाच्या एका टोकाला वाकसाची पाठ मारायची आणि लाकडाला कान लावायचा. निरोगी लाकूड टणकन बोलतं. आतून खाल्लेलं असलं तर भद्द. वरून कितीही देखणा असला तरी भद्द बोलला की लोटू त्याच्याकडे पुन्हा बघायचा नाही.

या कामाला त्याच्यासोबत मालूबाई कायम असायची. मालूबाई म्हणजे त्याची बायको, हसरी, बडबडी, एका जागी न बसणारी. आरामशीनवर ढलप्या वेचायला येते म्हणायची, चुलीला होतात. हातात पाटी. लोटू खांबाच्या बुडाशी ठोकायचा तेव्हा ही दुसऱ्या टोकाशी, लाकडाला टेकून, ढलप्या वेचत बसलेली असायची. कोणी लोटूला काही विचारलं तर हीच आधी बोलायची, तेही मोठ्याने. "अहो, मास्तर काय म्हनतात, दार पूर्वेले पाहिजे म्हनतात!" मला तिचा राग यायचा. माणूस समोर उभा आहे, त्याला विचारलंय, ही मध्ये कशाला तोंड घालते? गावात टिंगल व्हायची, मिस्त्रीण नवऱ्याला एकटं सोडत नाही, सागवानासोबत पळून जाईल म्हणून भिते. ती पण हसायची.

या फेब्रुवारीत मालूबाईला लकवा मारला. सकाळी भाकरी थापता थापता उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बुऱ्हाणपूरला दवाखान्यात पंधरा दिवस ठेवलं. चांदनी गावात दिलेली मुलगी निशा येऊन राहिली. मी भेटायला गेलो तर लोटू खाटेशेजारी स्टुलावर बसून तिच्याशी बोलत होता. कोणाच्या घरी काय झालं, म्हैस किती दूध देते, सगळं. मालूबाई डोळे उघडे ठेवून पडली होती आणि मधूनमधून होकाराची मान हलवत होती.

"समजते तिले सगळं," लोटू मला म्हणाला. "तोंड तेवढं गेलं. मान पाहा कशी हालवते."

मी म्हटलं, छान. निशा औषधांची चिठ्ठी वाचत राहिली.

आता माझी चूक सांगतो, कारण ती माझ्या आणि लोटूशिवाय कोणाला माहीत नाही. केळीची काढणी तोंडावर आली होती आणि शेडीचा पत्ता नव्हता. मालूबाई घरी आल्यावर मी लोटूकडे तीन चकरा मारल्या. तो म्हणायचा, आज नको, पुढच्या आठवड्यात, हिले जरा उठून बसू द्या. तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. त्याच्या अंगणात उभा राहून मी वर्गात ओरडायचो तसा ओरडलो, "लोटूभाऊ, वहिनींच्या आजारपणाचं मला कळतं. पण खांब निवडायला वहिनी कशाला लागतात?"

एवढ्या मोठ्याने बोललेलं त्याला ऐकू गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, आत गेला, वाकस घेऊन आला आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसला. रस्त्याने एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, राग आला असेल. येऊ दे म्हटलं.

आरामशीनवर भिकनने विचारलं, "क्या मिस्त्री, आज अकेले? भाभी किधर?" लोटूने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. चाळीसेक खांब होते. त्याने कोपरे बघितले, चिरा बघितल्या, गाठींवर नख दाबलं. मग ठोकायला लागला. ठोकायचा, वाकून कान लावायचा, कान लावून जास्तच वेळ थांबायचा. मी भिकनशी गप्पा मारत होतो, करवत चालू होती, आम्हाला कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. दोन तासांत बारा खांब निघाले. घरी जाऊन मी अलकाला, म्हणजे माझ्या बायकोला, फुशारकीने सांगितलं, बघ, जरा आवाज चढवला की कामं होतात.

शेड मात्र त्याने नेहमीच्याच निगुतीने उभी केली. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा राहिला पाहिजे, हा त्याचा नेम. चौरस कापल्यावर बुडखा कुठला आणि शेंडा कुठला हे आपल्याला कळत नाही. तो गाठींच्या कलावरून ओळखायचा आणि बुडख्याला गेरूचा टिळा लावायचा. टिळ्याकडची दोन हात लांबी त्याने जाळावर काळी केली, वर डांबर फासलं, खड्ड्यात आधी दगड, मग खांब, मग मुरूम ठोकून ठोकून. शेंडे वर एका रेषेत आले. मार्चच्या अखेरीस पत्रे चढले आणि बाया सावलीला बसल्या. मी रोज संध्याकाळी एका खांबाला पाठ टेकून उभा राहायचो आणि बरं वाटायचं.

मे महिन्यात पहिलं वावधन आलं. फार नाही, दहा मिनिटं. शेजारच्या दोन शेतांत केळी आडवी झाली. माझी शेड करकरली आणि तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लोटूच्या घरी जाऊन त्याला उत्साहाने हातवारे करत सांगितलं. वाटलं, फुलेल. त्याचा चेहरा उतरला.

त्यानंतर तो शेतात यायला लागला. एक दिवसाआड. शेडीभोवती फिरायचा, खांबांवर हात फिरवायचा, बायांकडे बघायचा आणि निघून जायचा. बाया म्हणायच्या, मिस्त्रीला घरी करमत नाही. मला वाटायचं, चहासाठी येतो. चौथ्या का पाचव्या वेळी मी त्याला बांधावर बसवलं आणि चहा हातात दिला. त्याने तो खाली ठेवला.

"मास्तर, बायायले इथं नका बसवू."

"का?"

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. "खांब मी निवडले. मी एकट्यानं."

"मग? तुम्हीच निवडता की."

"नाही नं," तो म्हणाला. "तीन वर्सं झाले, मले आयकू येत नाही. आरामशीनीत उमर गेली, कान गेले. ठोकायचो मी, आयकायची मालू. तिकडच्या टोकाले बसायची, लाकडाले कान लावून. खांब चांगला असला की पाटीत ढलपी टाके. वाईट असला की हात तसाच. मी पाटीकडे पाह्यत होतो, मास्तर. त्या दिवशी पाटीच नव्हती."

मला आधी काय जाणवलं ते लपवत नाही. दया नाही आली. संताप आला. नऊ बाया रोज त्या पत्र्याखाली बसत होत्या, मी बसत होतो, अलका डबा घेऊन येत होती. मी उभा राहून त्याला नाही नाही ते बोललो. अर्धं त्याला ऐकू गेलं नसेल, पण माझं तोंड तर दिसत होतं. तो मान खाली घालून बसला. बोलता बोलता मला माझंच वाक्य आठवलं, त्याच्या अंगणातलं, आणि मी खाली बसलो. त्या बाईवर मी तीन वर्षं चिडत आलो होतो, का मध्ये बोलते म्हणून.

मग मी म्हटलं, जे झालं ते झालं, गिरमीट आणू, प्रत्येक खांबाला भोक पाडून बघू, आत भुसा निघाला तर कळेल. लोटूने नाही म्हणून जोरात मान हलवली. उभ्या खांबाला भोक पाडलं म्हणजे पाण्याला आणि उधईला दार उघडून दिलं, बारातले अकरा चांगले असतील तर अकरा नासवायचे का?

"मालूले आनतो," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या कानाचा भरोसा नाही मले. कान तं शाबूत हायेत तिचे. मी ठोकतो. चांगला असला की ती मान हालवीन. एका दुपारचं काम."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायांना सुट्टी दिली. तरी तिघी-चौघी बघायला आल्याच. गावच्या व्हॅनमधून मालूबाईला आणलं, सोबत निशा. मालूबाईला नवं लुगडं नेसवलं होतं, कुंकू लावलं होतं. लोटूने लावलेलं, वाकडं आलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि निशाने ती खुर्ची पहिल्या खांबाशी नेली. लोटूने बायकोचं डोकं दोन्ही हातांनी धरून कान लाकडाला टेकवला. मग पलीकडे जाऊन ठोकलं.

टण.

तो वळून मालूबाईकडे बघायला आला. तिने मान हलवली.

"एक!" तो ओरडला.

खुर्ची उचलली, दुसऱ्या खांबाशी. टण. मान हलली. तिसऱ्याशी. ऊन तापायला लागलं होतं, खुर्चीचा पाय मुरमात अडकायचा, निशाला घाम फुटला होता. लोटूला कशाचंच भान नव्हतं. प्रत्येक खांबापाशी तो तिला काहीतरी सांगायचा, हा भिकननं मागच्या ढिगातून काढून दिला, हा जरा जड होता, उचलताना कंबर धरली. आठ खांब झाले. बघणाऱ्या बायांपैकी एकीने डोळे पुसले. खरं सांगतो, माझेही भरून आले होते.

नवव्या खांबाला लोटूने ठोकलं आणि आवाज आला, भद्द.

मी लाकडातला माणूस नाही. पण आठ वेळा टण ऐकल्यावर नववा आवाज कोणालाही कळला असता. बायांनी एकमेकींकडे बघितलं. लोटू खांबामागून आला, मालूबाईसमोर वाकला.

मालूबाईने मान हलवली.

"नऊ!" लोटू म्हणाला. "चला, तीनच राह्यले."

मी तोंड उघडणार तोच निशाने माझा दंड धरला. लोटूची आमच्याकडे पाठ होती, तिला आवाज खाली आणायची गरज नव्हती, तरी ती कुजबुजली.

"काका, राहू द्या नं. पाया पडते तुमच्या."

"अगं, तू ऐकलंस ना?"

"आईले नाही समजत काही. डॉक्टर तेव्हाच बोलले, सुनेगी, लेकिन समझेगी नहीं. काही बी विचारलं तं मानच हालवते. बाबा समोरच बसले होते, त्यांना वाटलं डॉक्टर दवाईचं सांगू राह्यले. त्यांनी मान हालवली, मी काही बोलली नाही. रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसून दोन-दोन तास बोलतात ते. जेवतात तरी त्याच्यानं. कशी सांगू मी?"

तेहतीस वर्षं मुलांना सांगत आलो, उत्तर चुकलं असेल तर चुकलं म्हणायचं. इथे म्हणायची छाती होईना. दहावा, अकरावा, बारावा झाला. सगळे टण, सगळ्यांना मान. लोटूने वाकस खाली ठेवला आणि बायांना हात जोडून म्हणाला, "बसा वं बायांनो खुशाल. बारा बी खांब पक्के हायेत."

त्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. आवाज त्यांनीही ऐकला होता, आणि उद्या त्याच खांबाशेजारी त्यांनाच बसायचं होतं. मला त्या वेळी लोटूचा, निशाचा, स्वतःचा, सगळ्यांचा राग आला. मी शेतातल्या कोपीत गेलो, गिरमीट घेऊन आलो आणि नवव्या खांबाला लावलं. निशाने तोंडावर हात ठेवला.

लोटू धावत आला, "मास्तर, काय करता, चांगल्या खांबाले!" त्याने माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर आहे. पण तोवर गिरमीट चार बोटं आत गेलं होतं. पुढे ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. मी बाहेर ओढलं तर त्याच्यासोबत तपकिरी पीठ आलं आणि माझ्या चपलेवर पडलं.

लोटूने मनगट सोडलं. वाकला, चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, वास घेतला. मला वाटलं, आता खांबाला शिव्या देईल. तो मालूबाईकडे गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तळहात तिच्या डोळ्यांपुढे धरला.

"मालू, हे पाह्य. हा खाल्लेला हाय. चुकली का तू?"

मालूबाईने मान हलवली.

"पीठ हाये हे. वाईट हाये का नाही?"

तिने मान हलवली, तशीच, आणि त्याच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसली.

लोटूने तळहात मिटला. मग निशाकडे वळला. "डॉक्टर काय म्हनत होता?"

निशा खाली बघून काहीतरी बोलली.

"जोरानं बोल. मले आयकू येत नाही." हे वाक्य तो पहिल्यांदाच चारचौघांत बोलला असेल.

निशा त्याच्याजवळ गेली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. सगळ्या शेडीत ऐकू गेलं.

त्याने तळहातावरचं पीठ खाली झटकलं. मग आधी खांबाचं बोलला. नववा उद्याच बदलतो, बाकीचे अकरा पण भोक पाडून बघा, जे बरे असतील त्यांची भोकं डांबरानं बुजवा, तोवर बायायले इकडं येऊ देऊ नका. सगळं नीट, एकामागून एक, जसं नेहमी सांगतो तसं. मी हो म्हटलं.

मग तो मालूबाईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. तिचं वाकडं कुंकू अंगठ्याने सारखं करायला लागला, आणि तिच्याकडेच बघत मला विचारलं, "मास्तर, मंग तीन महिने झाले, मी रोज कोनाशी बोलत होतो?"